बायोडाटातला ‘वर्ण’ आणि कातडीचा बाजार

आपल्या कुठल्याही बौद्ध वधू-वर सूचक ग्रुपवर जा आणि पाच-दहा बायोडाटे उघडून वाचा. वर तथागत आणि बाबासाहेबांचा फोटो, शेजारी ‘नमो बुद्धाय, जय भीम’. खाली नाव, जन्मतारीख, उंची, शिक्षण. आणि मग एक रकाना : वर्ण. त्यापुढे लिहिलेलं असतं गोरा, नाहीतर निमगोरा, नाहीतर गव्हाळ. ‘सावळा’ क्वचित. ‘काळा’ मी आजवर एकदाही वाचलेलं नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला ज्या समाजाने नागपुरात वर्णव्यवस्थेला लाथ मारली, त्या समाजाच्या लग्नाच्या कागदावर तोच शब्द अजून बसलेला आहे आणि आपल्याला तो खटकतही नाही.

कुणी म्हणेल, इथे वर्ण म्हणजे नुसता रंग, चातुर्वर्ण्य नव्हे. मान्य. पण मग हा रंग विचारायचा कशासाठी? बाबासाहेबांनी १९३६ मध्ये ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ लिहिताना जात म्हणजे वंश हा सिद्धांत खोडून काढला. पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार वंशाने वेगळे नाहीत, हे त्यांनी स्पष्ट मांडलं. १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’मध्ये तर नाकाच्या मोजमापांची आकडेवारी घेऊन त्यांनी वंशाचा दावा करणाऱ्यांचा त्यांच्याच हत्याराने पराभव केला. रंगरूपावरून जात ठरत नाही हे आपल्याला इतक्या आधी सांगून झालेलं आहे. तरीसुद्धा “किती गोरी आहे, तुमच्यातली वाटतच नाही” हे वाक्य सवर्ण शेजारीण कौतुक म्हणून बोलते. आणि “आपल्यातली वाटतच नाही” हे आपली मावशीही कौतुक म्हणूनच बोलते. ‘तुमच्यातली’चं ‘आपल्यातली’ झालं, एवढाच बदल.

या रकान्याचा आणि गल्लोगल्ली उघडलेल्या स्किन-लेसर क्लिनिकांचा सरळ संबंध आहे. माझं म्हणणं असं की जो आजारच नाही त्याच्यावर आपण पैसा घालवतोय आणि चेहराही. आणि जे खरे त्वचारोग आहेत, ज्यांच्यावर विज्ञानाने चांगले उपचार शोधून ठेवलेत, ते उपचार हक्क म्हणून मागायचं आपल्याला सुचत नाही.

लेसर कुणाची कातडी समोर ठेवून बनला?

लेसरला ब्राह्मणी म्हणण्याचा वेडेपणा मला करायचा नाही. तो विज्ञानाचा मोठा शोध आहे. फक्त तो चालतो कसा हे समजून घेऊ.

१९८३ मध्ये अँडरसन आणि पॅरिश या अमेरिकन शास्त्रज्ञांनी एक तत्त्व मांडलं. प्रकाशाची नेमकी तरंगलांबी निवडली आणि तो अगदी क्षणभरच सोडला, तर कातडीतलं हवं ते लक्ष्य तापून नष्ट होतं आणि आजूबाजूची कातडी वाचते. लाल डागासाठी लक्ष्य असतं रक्तातलं हिमोग्लोबिन. केस काढायचे किंवा काळे डाग घालवायचे असतील तर लक्ष्य असतं मेलॅनिन, म्हणजे आपल्याला रंग देणारं द्रव्य.

अडचण इथेच आहे. गोऱ्या कातडीत मेलॅनिन मुख्यतः केसाच्या मुळाशी किंवा डागात असतं, त्यामुळे लेसरला लक्ष्य वेगळं सापडतं. सावळ्या-काळ्या कातडीच्या वरच्या थरातच भरपूर मेलॅनिन असतं. प्रकाश आत पोचण्याआधी वरच अडतो आणि तिथेच उष्णता तयार होते. यंत्राची निवड किंवा मात्रा चुकली की फोड येतात, चटका बसतो आणि नंतर महिनोन्महिने काळे डाग राहतात. म्हणून गडद कातडीवर केस काढण्यासाठी १०६४ नॅनोमीटरचा एनडी-याग लेसर त्यातल्या त्यात सुरक्षित मानला जातो. तो जास्त खोल जातो आणि मेलॅनिनमध्ये कमी अडतो. मात्रा बेताची ठेवणं, आधी छोट्या जागेवर चाचणी घेणं, कातडी थंड ठेवणं आणि पुढे उन्हापासून जपणं, हे सगळं त्यासोबत आलं. हे ज्याला कळतं त्याच्या हातात लेसर औजार असतं. चार दिवसांचं ट्रेनिंग घेऊन ‘ऑफर’मध्ये सेशन विकणाऱ्याच्या हातात तेच यंत्र डागणी होतं.

डॉक्टर कातडीचे सहा प्रकार मानतात, त्याला फिट्झपॅट्रिक श्रेणी म्हणतात. १९७५ मध्ये ती मांडली गेली तेव्हा विचार गोऱ्या कातडीचाच होता : कोण उन्हात लगेच भाजतं, कोण हळूहळू रापतं. तपकिरी आणि काळ्या कातडीचे पाचवा आणि सहावा हे प्रकार नंतर जोडले गेले. जगातली इतकी मोठी लोकसंख्या पुरवणी म्हणून आली. यात कुणाचा कट होता असं मी म्हणत नाही. पण समाजशास्त्राचा विद्यार्थी एक गोष्ट शिकतो. ज्ञान कुणाच्या शरीरावर उभं राहिलं आणि कुणाला त्यात नंतर कोंबलं, हे विचारल्याशिवाय ज्ञान पुरतं कळत नाही.

‘स्किन ब्राइटनिंग’, ‘लेसर टोनिंग’ या नावांनी जे विकलं जातं त्याबद्दल एवढं लक्षात ठेवा. चेहऱ्यावर वांग असेल तर लेसरने तो कमी होऊ शकतो, पण पुष्कळदा परततो, कारण ऊन आणि हार्मोन्स ही त्याची कारणं तशीच राहतात. आणि टोनिंगची सेशन्स वारंवार झाली की काहींच्या चेहऱ्यावर उलट पांढरे ठिपके पडतात. गोरी व्हायला गेलेली मुलगी कोड झाल्यासारखी दिसायला लागते. जन्मजात रंग कायमचा बदलणारा लेसर अस्तित्वात नाही. जो विकतो तो खोटं बोलतो.

गरिबाचं लेसर म्हणजे मेडिकलमधली ट्यूब

क्लिनिकच्या एका बैठकीला काही हजार रुपये मोजणं सगळ्यांना जमत नाही. वस्तीत त्याची जागा घेते मेडिकल स्टोअरमधली ट्यूब. मी ज्या वस्त्यांमध्ये काम करते तिथे बारावी झालेल्या मुलींच्या पर्समध्ये ती सापडते. “ताई, पहिला महिना सगळे म्हणत होते उजळलीस. आता लावायची बंद केली की तोंड पेटल्यासारखं होतं,” हे मी एकीकडून ऐकलेलं नाही, अनेकींकडून ऐकलंय.

या ट्यूबमध्ये बहुतेक वेळा तीन औषधं एकत्र असतात : हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि एक स्टेरॉइड. डॉक्टरच्या देखरेखीखाली, वांगासाठी, ठरावीक आठवडे वापरायचं हे औषध आहे. आपल्याकडे ते गोरेपणाची क्रीम म्हणून वर्षानुवर्षं लावलं जातं. स्टेरॉइडने आधी चेहरा खरंच उजळ आणि गुळगुळीत दिसतो. मग कातडी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, मुरूम उठतात, गालांवर लव वाढते. थांबवलं की आग होते, म्हणून पुन्हा लावलं जातं. त्वचारोगतज्ज्ञांनी या अवस्थेला नावच दिलंय : स्टेरॉइडने बिघडलेला चेहरा. मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी १४ स्टेरॉइड मलमं अनुसूची ‘एच’मध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायला बंदी. तुमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन बघा, चिठ्ठी मागतात का.

या तिहेरी मिश्रणाचा इतिहास आपण माहीत करून घेतला पाहिजे. हे सूत्र १९७५ मध्ये अल्बर्ट क्लिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्याने प्रसिद्ध केलं. क्लिगमन हे अमेरिकेतलं त्वचाशास्त्रातलं मोठं नाव. मुरमांवर आणि सुरकुत्यांवर आज जगभर वापरलं जाणारं ट्रेटिनॉइन पुढे आणणारेही तेच. त्यांनी १९५१ पासून १९७४ पर्यंत फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगात कैद्यांच्या कातडीवर प्रयोग चालवले, ट्रेटिनॉइनच्या चाचण्याही तिथे झाल्या. ते कैदी मोठ्या संख्येने कृष्णवर्णीय होते. थोड्या डॉलर्ससाठी पाठ आणि हात देणाऱ्या त्या माणसांना आपल्यावर काय लावलं जातंय हे धड सांगितलंही जात नव्हतं. फिलाडेल्फिया शहराने त्याची जाहीर माफी मागितली ती २०२२ मध्ये. ट्रेटिनॉइनला सुरकुत्यांसाठीची अमेरिकी मान्यता १९९५ मध्येच मिळून गेली होती.

१९७५ हे साल आणखी एका गोष्टीसाठी लक्षात ठेवा. त्याच वर्षी भारतात ‘फेअर अँड लव्हली’ बाजारात आली. २०२० मध्ये अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइडची हत्या झाली, ‘ब्लॅक लाइव्हज मॅटर’चा वणवा पेटला आणि तेव्हा कुठे तिच्या नावातला ‘फेअर’ जाऊन ‘ग्लो’ आला. इथल्या लाखो मुलींनी पंचेचाळीस वर्षं सोसलेल्या अपमानाने जे झालं नाही, ते मिनियापोलिसच्या रस्त्यावरच्या मरणाने झालं. आपल्या मुलींचं दुःख आपणच कधी राजकीय केलं नाही, म्हणून हे असं झालं.

याहून स्वस्त माल म्हणजे पार्लरमध्ये मिळणाऱ्या लेबल नसलेल्या डब्या. त्यांत पारा असू शकतो. पारा मेलॅनिन तयार होऊ देत नाही, म्हणून चेहरा उजळतो, आणि तोच पारा कातडीतून रक्तात जाऊन किडनी बिघडवतो. २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार डोळ्यांसाठीची प्रसाधनं सोडली तर दहा लाख भागांत एका भागापेक्षा जास्त पारा चालत नाही, तोही नकळत आलेला. २०२३ च्या सुरुवातीला अकोल्यातल्या एकाच घरातल्या तिघींच्या किडनीच्या आजाराचा माग मुंबईच्या केईएममध्ये अशाच क्रीमपर्यंत पोचला. अकोला काही परदेशात नाही.

खऱ्या आजाराला मात्र रांग

आता दुसरी बाजू. कातडीचे खरे आजार आहेत आणि त्यांचे उपचारही आहेत.

कोड घ्या. कोड संसर्गाने होत नाही, पूर्वजन्माच्या पापाने होत नाही आणि त्याचा कुष्ठरोगाशी संबंध नाही. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच रंगपेशींवर उलटते, म्हणून डाग पडतात. त्यावर नॅरोबँड अतिनील किरणांचा उपचार आहे, ३११ नॅनोमीटरच्या आसपासचा. लहान डागांसाठी ३०८ नॅनोमीटरचा एक्सायमर लेसर आहे. डाग वाढायचे थांबले असतील तर रंगपेशींचं रोपण करता येतं. इथे लेसर माणसाला त्याचा स्वतःचा रंग परत देतो. याला मी न्यायाचं काम म्हणेन.

पण हा उपचार आठवड्यातून दोन-तीनदा, निदान सहा महिने घ्यावा लागतो. दोनदा धरलं तरी पन्नासेक फेऱ्या होतात. २०२५-२६ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी रोज ३१२ रुपये होती. पन्नास दिवस बुडाले तर १५,६०० रुपये गेले, एसटीचं भाडं वेगळं. उपचार फुकट असला तरी तो तालुक्याच्या बाईसाठी फुकट राहत नाही. आणि आपली महात्मा फुले जनआरोग्य योजना मुळात दवाखान्यात भरती होणाऱ्यांसाठी आहे. कोड असलेली मुलगी भरती होत नाही. तिचं फक्त लग्न मोडतं.

भाजलेल्यांचं घ्या. स्टोव्हच्या भडक्यात किंवा ॲसिड हल्ल्यात वाचलेल्या बाईची कातडी आखडते, मान वळत नाही, बोटं उघडत नाहीत. फ्रॅक्शनल कार्बन डायऑक्साइड लेसरने असे व्रण मऊ पडू शकतात. ॲसिड हल्ल्यातल्यांना खासगी रुग्णालयांनीही मोफत उपचार द्यावेत, पुनर्रचनेच्या शस्त्रक्रियांसकट, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये सांगितलं. स्टोव्हने भाजलेलीसाठी असा आदेश नाही.

नायटा घ्या. स्टेरॉइड मिसळलेली मलमं चोळून-चोळून देशभर नायटा हट्टी झालाय. नेहमीच्या औषधांना दाद न देणारी एक बुरशी आता जगभर पसरली आहे आणि २०२० मध्ये तिचं नाव ठेवताना त्यात भारत आला : ट्रायकोफायटन इंडोटिनी. खरूज घ्या. २०१७ पासून जागतिक आरोग्य संघटना तिला दुर्लक्षित आजारांत मोजते. आपल्या वसतिगृहांत आणि आश्रमशाळांत ती दरवर्षी फिरते. औषध साधं आहे, परमेथ्रिनचं मलम. पण खोलीतल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावलं नाही तर ती परत येते. वॉर्डन मात्र ज्याला खाजतंय त्यालाच घरी पाठवतो आणि वर “आंघोळ करत नाहीत” म्हणतो. अस्वच्छतेचा हा शिक्का आपल्या ओळखीचा आहे.

सुरकुत्या कुणाच्या?

वय वाढतं तशी कातडी सैल होते. पण चेहऱ्यावर दिसणारं म्हातारपण मोठ्या प्रमाणात उन्हाचं असतं. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात ६९ वर्षांच्या ट्रकचालकाचा फोटो छापला होता. २८ वर्षं खिडकीतून येणारं ऊन डाव्या गालावर घेतल्यामुळे त्याचा डावा चेहरा उजव्यापेक्षा कितीतरी वर्षांनी म्हातारा दिसत होता. आपल्या मेलॅनिनचा फायदा असा की गडद कातडीवर सुरकुत्या उशिरा येतात. जो रंग घालवायला आपण धडपडतो तोच आपली छत्री आहे. पण वीटभट्टी, ऊसतोड, रस्त्याचं काम आणि सफाई यांत दिवसाचे आठ-दहा तास गेले की ही छत्रीही पुरत नाही. चाळिशीतली ऊसतोड कामगार साठीची दिसते. तिला बोटॉक्सची गरज नाही. तिला दुपारची सावली, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि रुंद काठाची टोपी हवी आणि हे सगळं मुकादमाने आणि कारखान्याने द्यायला हवं. शहरातल्या वातानुकूलित खोलीत ‘अँटी-एजिंग’ची चर्चा होते तेव्हा ही बाई त्या चर्चेत कुठेच नसते.

म्हातारं होणं हा धम्मासाठी लपवायचा विषय नाही. जरा हे सत्य आहे. पण यातून ‘शरीर नश्वर, उपचार कशाला’ असा अर्थ कुणी काढू नये. अंगभर फोड येऊन कुजत चाललेल्या पूतिगत्त तिस्साला सहकारी भिक्खूंनी टाकून दिलं, तेव्हा बुद्धांनी स्वतः पाणी गरम करून त्याला न्हाऊ घातलं, असं अट्ठकथा सांगते. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये सुप्रबुद्ध या महारोग्याच्या धम्मदीक्षेला आवर्जून जागा दिली. आणि आपल्या देशाच्या कायद्यात महारोग हे घटस्फोटाचं कारण २०१९ पर्यंत होतं.

‘तिची मर्जी’ म्हणणाऱ्यांना

काही मैत्रिणी म्हणतील, ज्याच्या-त्याच्या शरीराची मर्जी. मुरमांचे खड्डे किंवा नको असलेले केस यांवर एखादीने स्वतःच्या कमाईतून लेसर केला तर तिला उपदेश करणारी मी कोण? मुळीच करणार नाही. आपल्या बाईने नटू नये हा नियम मनुवाद्यांचा होता, तो आपण पुन्हा लादायचा नाही. पण मर्जी कशाला म्हणायचं? रंगावरून स्थळ नाकारलं जातं, रिसेप्शनच्या नोकरीला ‘प्रेझेंटेबल’ मुलगी हवी असते, आई हळदीच्या आधी ट्यूब आणून देते. एवढं सगळं झाल्यावर मुलीने घेतलेल्या निर्णयाला मर्जी म्हणणं ही चेष्टा आहे. आधी दबाव काढू, मग मर्जीबद्दल बोलू.

करायचं काय?

एक. आपल्या वधू-वर मंडळांनी, मेळाव्यांनी आणि व्हॉट्सॲप ग्रुपच्या ॲडमिननी फॉर्ममधला ‘वर्ण’ हा रकाना काढून टाकावा. याला सरकारी जीआर लागत नाही. आजच करता येतं.

दोन. प्रत्येक जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयात कोड-सोरायसिससाठी किरणोपचार यंत्र असावं, आणि मजुरी बुडू नये म्हणून ते संध्याकाळीही चालावं.

तीन. अन्न व औषध प्रशासनाने चिठ्ठीशिवाय स्टेरॉइड मलम विकणाऱ्या दुकानांवर कारवाई करावी. आपण बिल मागावं आणि लेखी तक्रार करावी. ज्यांच्या चेहऱ्याचं नुकसान झालंय त्यांनी दुसरी ट्यूब शोधण्याआधी सरकारी रुग्णालयातली त्वचारोग ओपीडी गाठावी.

चार. समाजकल्याण आणि आदिवासी विभागाच्या वसतिगृहांत खरजेचा उपचार पूर्ण खोलीला एकाच वेळी द्यावा. मुलांना घरी हाकलू नये.

पाच. लेसर कोण चालवणार, त्याची पदवी काय, यंत्र कोणतं, चाचणी घेणार का आणि धोका काय, हे क्लिनिकने मराठीत लेखी द्यावं. देत नसतील तर उठून यावं.

येत्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर दहा मिनिटं काढा आणि पहिल्या मागणीवर ठराव घ्या. मुलगी काळी आहे हे लपवावं लागणार नाही असा एक तरी कागद आपण आपल्या हाताने तयार करू शकतो. बाकीच्या चार मागण्यांसाठी निवेदन घेऊन जिल्हा शल्यचिकित्सकांकडे आणि कलेक्टर ऑफिसला जायचंच आहे. जाताना हे पोरीबाळींचं नटण्यामुरडण्याचं काम आहे असं समजून पुरुष कार्यकर्त्यांनी मागे राहू नये. बायोडाटात ‘गोरी हवी’ असं लिहिणारे तेच आहेत.

जय भीम. नमो बुद्धाय.